नांदूर मधमेश्वरची फाल्गुनातली पक्षीफेरी: तुम्ही नेहमी विचारता ते प्रश्न

दरवर्षी फाल्गुनात आमचा छोटा गट नाशिकहून निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वरला पक्षी बघायला जातो. तारीख कळवली की त्याच संध्याकाळपासून फोन सुरू होतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून सगळी उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. पहिल्यांदा येणाऱ्यांनी निदान दुर्बिणीचं आणि काठावर चालण्याचं उत्तर तरी वाचूनच यावं.

पक्षी तर थंडीत येतात ना? मग फेरी उन्हाळ्याच्या तोंडावर का?

डिसेंबर-जानेवारीत पक्ष्यांची संख्या जास्त असते, हे खरं. निफाडचा पारा तेव्हा राज्यात सगळ्यात खाली गेलेला असतो, नदीवर धुकं असतं आणि पाण्यावर बदकांचे काळे ठिपके पसरलेले असतात. दृश्य सुंदर असतं, पण नवख्या माणसाला त्यातले निम्मे पक्षी सारखेच दिसतात.

फाल्गुनात रंग चढतात. पिवळा धोबी थंडीभर मळकट दिसतो आणि मार्चमध्ये हळद लागल्यासारखा पिवळाधमक होतो. लांब चोचीच्या गॉडविटची मान-छाती तांबूस होऊ लागते. आपल्या रोजच्या ढोकरीची मातकट पाठ गडद किरमिजी होते, तर गायबगळ्याच्या डोक्यावर आणि मानेवर केशरी पिसं येतात. पुस्तकातलं चित्र आणि समोरचा पक्षी यांची गाठ पडायला हे दिवस फार चांगले.

मध्य आणि उत्तर आशियातून आलेली बदकं आणि चिखलपक्षी तेव्हा परतीच्या तयारीत असतात. हजारो किलोमीटरचा प्रवास अंगातल्या चरबीवर करायचा असल्याने ते सारखे खात असतात. त्याच वेळी इथले कायमचे रहिवासी, म्हणजे टिटवी आणि नदी सुरय, अंडी घालायला जागा शोधत असतात. एकाच काठावर कोणाची निघायची घाई तर कोणाची घर मांडायची. ही गडबड थंडीत दिसत नाही.

आणखी एक कारण माझं स्वतःचं आहे. पाहुणे आले की सगळा गाव बघायला जमतो, निघाले की वेशीपर्यंत सोडायला मोजकेच जातात. चार महिने आपल्या नदीवर राहिलेल्या पक्ष्यांच्या पाठवणीला आपण काही जणांनी तरी जावं, असं मला मनापासून वाटतं.

ही जागा नक्की काय आहे? धरण, तलाव की अभयारण्य?

आधी बंधारा, मग अभयारण्य. निफाड तालुक्यात गोदावरीला कादवा मिळते. त्या संगमाच्या खाली ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी बंधारा बांधला. नदीचं पाणी अडवून ते गोदावरीच्या डाव्या आणि उजव्या कालव्यात वळवायचं, एवढाच त्याचा हेतू. पुढे बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, मध्ये बेटं उभी राहिली, कडेने लव्हाळी आणि पाणकणीस माजलं. पाणी साठवणाऱ्यांच्या हिशेबात गाळ म्हणजे नुकसान. पक्ष्यांचं सगळं याच गाळामुळे जमलं. गुडघाभर पाण्यात बदकाची चोच तळाशी पोचते, शेकाट्याचे पाय टेकतात, चिखलात किडे आणि शिंपले मिळतात. खोल धरणाच्या मधोमध हे काहीच मिळत नाही.

१९८६ मध्ये हा परिसर अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याचं क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे, आणि त्यात गावं, ऊस, द्राक्षबागा सगळं येतं. २०१९ मध्ये रामसर यादीत या जागेचा समावेश झाला. महाराष्ट्रातली ती पहिली रामसर पाणथळ. लोणार त्यानंतर २०२० मध्ये आणि ठाणे खाडी २०२२ मध्ये आली. आपण नाशिकचे असल्यामुळे ‘रामसर’ ऐकून अनेकांना रामाशी काही संबंध असेल असं वाटतं. पण रामसर हे इराणमधलं गाव आहे; पाणथळ जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार १९७१ मध्ये तिथे झाला.

किती पक्षी दिसतील?

रामसरच्या नोंदीत इथल्या २६५ जाती आहेत. आमच्या एका सकाळच्या फेरीत पन्नास-साठ जाती होतात, कधी कमी. पण मोजायला येणार असाल तर मी आधीच सांगते, आमची फेरी हळू चालते. एका पक्ष्यापाशी दहा मिनिटं थांबायची आमची पद्धत आहे. बदक चोच पाण्यात घालून डोकं खाली, शेपूट वर करतं की पूर्ण बुडी मारतं? चोच पाण्यावर आडवी फिरवतं का? तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला माणूस स्वतःच प्रश्न विचारू लागतो. तिथून पुढे त्याला कोणी काही शिकवावं लागत नाही.

फ्लेमिंगो दिसतील का?

सांगता येत नाही. रोहित इथे येतात, पण दरवर्षी नाही आणि थोडेच. फक्त त्यांच्यासाठी येणार असाल तर ठाण्याच्या खाडीकडे जावं. तिथे हजारोंनी असतात.

माझ्या ओळखीचे मागच्या महिन्यात गेले होते. चिखलावर शेकडो पक्षी होते म्हणाले. आम्ही गेलो तर काहीच नाही. असं का?

बहुतेक आवर्तन, म्हणजे शेतीसाठी धरणातून पाळीने सोडतात ते पाणी, सुटलं असणार. गंगापूर आणि दारणा धरणांच्या बाजूने पाणी सोडलं की ते इथे येतं आणि बंधाऱ्यावरून कालव्यांना जातं. पाणी चढलं की चिखलाचे पट्टे झाकले जातात. मग तुतारी, चिखल्या, गॉडविट असे पाय टेकून खाणारे पक्षी दुसरीकडे सरकतात आणि पोहणारी बदकं आत येतात. पाणी उतरलं की पुन्हा उलट. इथला शेतकरी आवर्तनाच्या तारखेवर पिकाचं गणित करतो, पक्ष्यांचंही तसंच आहे. म्हणून फेरीच्या आधी दोन दिवस आम्ही गावातल्या ओळखीच्यांना पाण्याची पातळी विचारतो आणि त्यावरून ठरवतो, आधी चापडगावचा पक्षी बघायचा मनोरा की खाणगाव थडीची बाजू.

मला चिमणी-कावळ्यापलीकडे एकही नाव येत नाही. चालेल का?

चालेल, उलट उत्तम. मराठी नावंच इतकी बोलकी आहेत की दोन तासांत पंधरा-वीस तरी लक्षात राहतात. हळदी-कुंकू बदकाच्या काळ्या चोचीचं टोक पिवळं असतं आणि बुडाशी दोन लाल ठिपके असतात. एकदा हे नाव ऐकलं की ते बदक आयुष्यात विसरणार नाही. थापट्याची चोच पुढे रुंद आणि चपटी असते, आणि तो तिने पाणी गाळून खातो. चमच्याचं तर नावातच सगळं आलं. वारकरी अंगाने काळा आणि कपाळाला पांढरा. तांबट झाडावर बसून तांब्यावर हातोडी मारल्यासारखा एका लयीत टुक्-टुक् करत राहतो.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आपल्या आजीला घेऊन आली होती. आजींचं बालपण बाणगंगेच्या काठी गेलं होतं. आम्ही टिबुकली दाखवली, तर त्या म्हणाल्या, “ही तर पाणडुबी! आम्ही धुणं धुवायला गेलो की ही कुठे बुडते आणि कुठे निघते, यावर पैज लावायचो.” त्या सकाळी आम्ही सगळे पाणडुबीवर पैज लावत उभे होतो. पुस्तकातलं नाव आणि गावातलं नाव वेगळं असेल तर गावातलंही सांगा. आमच्या वहीत दोन्ही लिहितो.

दुर्बीण विकत घ्यावी का? कोणती?

पहिल्या फेरीला घेऊ नका. गटात चार-पाच असतात, आळीपाळीने बघता येतं. मनोऱ्यावर स्थानिक गाइडकडे स्पॉटिंग स्कोपही (तिपाईवरची मोठी दुर्बीण) असतो. मग आवड लागली तर ८×४२ बघा. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसेल, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. भिंग मोठं तेवढा पहाटेच्या अंधुक उजेडात पक्षी स्पष्ट दिसतो. ‘२० पट’ लिहिलेल्या स्वस्त दुर्बिणींच्या मोहात पडू नका. जितकं मोठं दिसतं तितका हाताचा कंपही मोठा होतो, आणि पक्षी चौकटीत सापडतच नाही.

वापरायची एक सवय मात्र घरूनच करून या. दुर्बीण डोळ्याला लावून पक्षी शोधू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्ष्यावर नजर रोखा आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांसमोर आणा. गच्चीवर जाऊन समोरच्या टाकीवरच्या पारव्यांवर दोन दिवस सराव केलात तरी पुरे. चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी कडा खाली दुमडा.

कॅमेरा आणला तर?

आणा. प्रवेश शुल्क आणि कॅमेऱ्याचं शुल्क वन विभागाकडे जागेवरच भरावं लागतं. ड्रोन मात्र चालणार नाही. पक्ष्याला बोलवायला मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणंही आमच्या फेरीत चालत नाही. विणीच्या दिवसांत त्या पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला; खाणंपिणं सोडून तो भांडायला येतो. एका फोटोपायी त्याची सकाळ वाया जाते.

फोटोसाठी थवा उडवणं याबद्दल मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. काही वर्षांपूर्वी एका माणसाने उडतानाचा फोटो हवा म्हणून काठावरून मोठा दगड पाण्यात टाकला. तीनेकशे बदकं उठली आणि पाऊण तास परत बसली नाहीत. निघायच्या तोंडावर असलेल्या पक्ष्याने साठवलेली चरबी अशी उधळायला लावणं म्हणजे लांबच्या प्रवासाला निघालेल्याची शिदोरी हिसकावण्यासारखं आहे. आमच्याबरोबर येणाऱ्याने असं केलं तर त्याला पुढच्या फेरीला घेत नाही.

काठावर, बेटावर उतरून जवळून बघता येईल का?

नाही. हे नीट समजून घ्या, कारण वसंतात हाच नियम सगळ्यात महत्त्वाचा. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खडे-ढेकळांत नुसता खळगा करते आणि त्यात बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीसारखा, वर काळे ठिपके. पायाखाली आलं तरी कळत नाही. नदी सुरय आणि छोटा आर्ली हे पक्षी वाळूच्या पट्ट्यांवर आणि बेटांवर याच दिवसांत अंडी घालतात. नदी सुरयची संख्या जगभरात घटते आहे आणि संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत तिचं नाव आहे. आपण दहा मिनिटं त्या वाळूवर उभे राहिलो तर आई वर घिरट्या घालत ओरडत राहते आणि अंडी उन्हात भाजतात.

टिटवी डोक्यावर येऊन ओरडू लागली तर समजा, अंडी किंवा पिल्लं जवळ आहेत. आल्या पावली मागे फिरा. तिचं ओरडणं अपशकुनी मानतात, पण ती फक्त आपलं घर राखत असते. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस चांगला होणार, असंही शेतकरी म्हणतात. ते खरं ठरतं का, यावर दरवर्षी गाडीत चर्चा होते.

अंडी उचलणं, घरटं हलवणं हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीतच धरलेलं आहे. मुलांना हे आधी सांगून आणा.

लहान मुलं आणि वयस्कर माणसं येऊ शकतात का?

सात-आठ वर्षांपुढची मुलं आरामात येतात. त्याहून लहान मुलांना दोन तास हळू बोलायला लावणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांच्यासाठी गंगापूर धरणाच्या काठी तासाभराची वेगळी फेरी ठेवतो. वाट मातीची आणि बहुतेक सपाट आहे. मनोऱ्याला मात्र जिना आहे. गुडघे दुखत असतील तर खाली बसूनही भरपूर दिसतं. त्या आजी जिना चढल्या नव्हत्या.

किती वाजता आणि कसं?

पहाटे ५ ला नाशिकच्या द्वारका चौकातून निघतो. उशीर झाला तर थांबत नाही, कारण मार्चमध्ये साडेसहा-पावणेसातला सूर्य उगवतो आणि पहिला तासच सोन्यासारखा असतो. नाशिक-निफाड रस्त्याने चांदोरी, तिथून सायखेड्याच्या बाजूने आत. साधारण सव्वा तास लागतो. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी एका गाडीत चार जण बसवावे. काठावर गाड्यांची रांग लागलेली आम्हाला आवडत नाही. रेल्वेने निफाड स्टेशनला उतरता येतं, पण पहाटेची वेळ साधत नाही. दहा वाजता फेरी संपते, तोवर ऊन चटकायला लागतं.

रंगपंचमीच्या दिवशी फेरी नसते. त्या दिवशी अर्धं नाशिक रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात असतं.

कपडे, खाणं, बाकीची सोय?

मातकट, हिरवे, राखाडी कपडे. टोपी आणि बंद बूट. पाण्याची बाटली घरून. खायला लाडू, चिक्की, केळी असं काहीही, फक्त कुरकुरणाऱ्या पाकिटातलं नको. पाखरांना काही घालायचं नाही. स्वच्छतागृह चापडगावला उतरल्यावर वापरून घ्यावं, पुढे काठावर सोय नाही. परतताना मिसळ होते, आणि वाटेवर द्राक्षं घेतल्याशिवाय कोणी घरी जात नाही.

निफाडात बिबट्या निघतो म्हणे. भीती नाही का?

निफाड तालुक्यात ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे, हे खरं. म्हणून अंधार असताना गाडीतून उतरत नाही, एकटं कोणी मागे राहत नाही, उसाच्या कडेला आडोशाला जात नाही. एवढं पाळलं तर काळजीचं कारण नाही. दिवसाउजेडी माणसांच्या घोळक्याजवळ तो सहसा येत नाही.

काठावर हिरव्या पानांचा गालिचा दिसतो. तो पक्ष्यांसाठी चांगला ना?

त्या पाणवेली. दिसायला हिरव्यागार, फूल जांभळं आणि देखणं, पण पाण्याचा गळा आवळतात. पाण्यात सांडपाणी जितकं जास्त तितक्या त्या माजतात. वरून झाकलं गेलं की आत उजेड जात नाही, प्राणवायू कमी होतो, पाणवनस्पती आणि मासे मरतात. कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी त्यांच्यावर चालत फिरतात, म्हणून फोटोत छान दिसतं. पण बदकांना हवं असलेलं मोकळं पाणी मात्र आक्रसतं.

आपल्याला, नाशिककरांना, हे जरा जास्त लागलं पाहिजे. रामकुंडावरून वाहणारी गोदावरी पुढे इथेच येते. आपल्या मोरीतून, नाल्यातून जे नदीत जातं, त्यातलं बरंचसं या बंधाऱ्यामागे येऊन थांबतं. पहिल्यांदा आलेल्या माणसाला मी मनोऱ्यावरून पाणी दाखवते तेव्हा एवढंच सांगते की हे आपल्याच घरून आलेलं पाणी आहे.

जखमी पक्षी सापडला तर?

हात लावायची घाई करू नका, पाणी पाजू नका. जवळच्या वन कर्मचाऱ्याला सांगा किंवा वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा. थांबावं लागलं तर हवा खेळेल असं खोकं घ्या, सावलीत ठेवा आणि वर फडकं टाका. अंधारात पक्षी शांत राहतो.

नोंदींचं पुढे काय करता?

वहीत लिहितो आणि घरी येऊन ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकतो. जगभरचे अभ्यासक त्या नोंदी वापरतात. न दिसलेल्या पक्ष्याची नोंदही तितकीच मोलाची असते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात गॉडविट दिसले नाहीत, असं दहा वर्षं लिहिलं तर ते कधी निघतात हे त्यातूनच कळतं. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव टाकू नका. ‘बदक, जात कळली नाही’ ही प्रामाणिक नोंद आहे.

यंदा जमलं नाही तर?

चैत्रात स्वतः या. थवे विरळ झालेले असतील, पण एखादा थापट्या, काही तुतारी एप्रिलमध्येही रेंगाळतात. सुरय अंड्यांवर बसलेली असेल.

आणि तेही जमलं नाही तर फाल्गुनात शहराबाहेर जिथे पळस फुलला असेल तिथे सकाळी साडेसातला जाऊन उभे राहा. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्या त्यावर तुटून पडलेल्या असतात. काही गावांत त्यांना पळसमैनाच म्हणतात. ज्वारी राखणाऱ्यांनी गोफणीने हाकललेल्या याच त्या. फुलातला मध पिऊन त्यांचं कपाळ परागांनी माखतं, सगळ्या एकाच वेळी बोलत असतात, आणि एप्रिल सरेपर्यंत त्या मध्य आशियाकडे निघून जातात. तिथे गेलात तर किती होत्या आणि कोणत्या दिवशी, तेवढं लिहून मला पाठवा.